एक ना धड की सगळंच धड?

सीडी, डीव्हीडी, एसएसीडी, ब्लू-रे. चौघींचा व्यास सारखाच, १२ सेंटिमीटर. त्यामुळे सगळ्या एकाच ट्रेमध्ये वाजाव्यात असं वाटणं साहजिक आहे. पण ट्रे एक असला तरी आतला उजेड एक चालत नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर लागतो. डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ब्लू-रेला ४०५ चा जांभळट. ऑल-इन-वन ब्लू-रे प्लेअरला हे तिन्ही सांभाळावे लागतात. डिस्क आत गेली की ती कुठली हे आधी ओळखायचं, मग वाजवायचं. निव्वळ सीडी प्लेअरला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून तो चटकन सुरू होतो.

पहिल्यावहिल्या डीव्हीडी प्लेअरांपैकी बरेच घरी बर्न केलेली सीडी वाजवायलाच तयार नसत. सीडी-आरवरचा रंग ७८० नॅनोमीटरचा उजेड नीट परतवतो, ६५० चा नाही. मग कंपन्यांना खास सीडीसाठी दुसरा लेसर बसवावा लागला.

जाता जाता एक घरगुती सूचना. सीडीतली माहिती चकचकीत बाजूला नसते. छापील लेबलच्या लगेच खाली, लॅकरच्या पातळ थराआड असते. डीव्हीडीत ती मधोमध, तर ब्लू-रेत चकचकीत बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. तेव्हा सीडीची छापील बाजूही तितकीच जपा.

‘शुद्ध ऑडिओ’वाल्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे सीडीचा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आकडा मुळात व्हिडिओकडूनच आला. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवत. एका ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा. युरोपच्या पद्धतीने २९४ ओळी आणि ५० फील्ड धरले तरी उत्तर तेच येतं! आणि चित्र-गाणं एकाच डब्यात ही कल्पनाही नवी नाही. ३० सेंटिमीटरची लेसरडिस्क आणि सीडी दोन्ही वाजवणारे प्लेअर पायोनियरने १९८० च्या दशकातच काढले होते.

मग महागडा डबा घेतला की आवाज चांगला? २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘ऑडिओहॉलिक्स’ संकेतस्थळाने लेक्सिकॉनचा बीडी-३० हा ३,५०० डॉलरचा ब्लू-रे प्लेअर उघडून पाहिला. आत निघाला सुमारे ५०० डॉलरचा ओप्पो बीडीपी-८३. नुसता सर्किट बोर्ड नव्हे, खालच्या पत्र्यासकट अख्खा प्लेअर! ओप्पो उत्तमच होता. जादा पैसे मात्र बाहेरच्या पेटीचे आणि नावाचे. याउलट सोनीचं पहिलं प्लेस्टेशन घ्या. मुलांच्या खेळासाठी केलेलं यंत्र, पण त्याच्या सुरुवातीच्या एससीपीएच-१००१ मॉडेलला मागे थेट ऑडिओचे जॅक होते आणि सीडीचा आवाज इतका गोड, की हाय-फायचे शौकीन ते मुद्दाम शोधून घेऊ लागले.

ऑल-इन-वनची खरी बाजू दिसते ती एसएसीडीत. १९९९ साली सोनी आणि फिलिप्सने आणलेल्या या डिस्कचा नमुना-वेग सीडीच्या बरोब्बर ६४ पट आहे. हायब्रिड एसएसीडी साध्या प्लेअरमध्येही वाजते, पण वाजतो तो तिचा सीडीचा थर. एसएसीडीच्या थराचा डिजिटल आवाज ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल वायरीतून बाहेर पडू दिला जात नाही. म्हणजे बाहेरचा डॅक (डिजिटलचं ध्वनीत रूपांतर करणारा) लावून भागत नाही. प्लेअरचा स्वतःचा डॅक दमदार हवा किंवा एचडीएमआय घेणारा अ‍ॅम्प्लिफायर हवा. ओप्पोच्या यूडीपी-२०५ मध्ये दोन वरच्या दर्जाच्या डॅक चिप होत्या, त्यातली एक फक्त स्टीरिओसाठी. याला म्हणायचं सगळंच धड.

दुकानात गेलात तर पुढच्या बाजूला ‘प्युअर डायरेक्ट’सारखं बटण आहे का बघा. ते दाबलं की व्हिडिओचं सर्किट आणि डिस्प्ले बंद होतो, म्हणजे त्यांचा विद्युत गोंगाट गाण्यात शिरत नाही. जुन्या जपानी सीडी जमवणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. १९८० च्या दशकातल्या काही सीडींत वरचे सूर मुद्दाम चढवून भरलेले असतात आणि ते परत उतरवणं प्लेअरचं काम. जुने सीडी प्लेअर ते चोख करतात. नव्या बहुरूपी यंत्रांतली काही सीडीवरची तशी खूणच ओळखत नाहीत, मग गाणं कर्कश वाटतं.

माझं मत विचाराल, तर कपाटात फक्त सीडी असतील तर सीडी प्लेअरच घ्या. चौथं गाणं लावण्यासाठी टीव्ही सुरू करायची वेळ येऊ नये; आणि डिस्प्ले नसलेल्या स्वस्त डीव्हीडी प्लेअरवर नेमकी तीच येते. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, मैफलींच्या ब्लू-रे असा संसार असेल, तर चांगला ऑल-इन-वन हाच मार्ग. फक्त, ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवलं आणि सॅमसंगनेही २०१९ मध्ये अमेरिकेत तेच जाहीर केलं, त्यामुळे बऱ्याचदा सेकंडहँडच शोधावा लागेल. तिथे पैसे देण्याआधी मॉडेलचा नंबर घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. सोनीची केएसएस-२१३ सारखी सीडीची लेन्स, म्हणजे पिकअप, अनेक कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसवलेली असल्याने अजून मिळते. ब्लू-रेच्या पिकअपचं तसं नाही. तुमच्या मॉडेलचा मिळतो की नाही, हे आधी विचारून घ्या.