लुगडं कसं बदललं

दाभोशाच्या धबधब्याची वाट उभ्या चढणीची आहे. त्या वाटेने डोक्यावर मोळी घेऊन चढणारी म्हातारी आजी तुम्ही पाहिली असेल. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं. मागे कासोटा घट्ट खोवलेला असतो. खांद्यावर वेगळा तुकडा असतो. त्याला कोणी पदर म्हणतात, कोणी फडकी म्हणतात. पाय मोकळे राहतात. आवणीच्या चिखलात लुगडं भिजत नाही, रानात काट्याला अडकत नाही.

हे नेसणं कोणी पुस्तकात पाहून ठरवलं नाही. डोंगर, पाऊस आणि काम यांनी ते ठरवलं.

लुगडं म्हणजे न शिवलेलं लांब कापड. देशावर नऊवारी नेसत. एक वार म्हणजे 3 फूट. तर नऊ वार म्हणजे 27 फूट, सुमारे सव्वाआठ मीटर. कंबरेला गाठ मारायची, पुढे निऱ्या घालायच्या, मधला भाग दोन पायांमधून मागे नेऊन खोवायचा. हाच कासोटा. शेतकरणी व कोळिणी ते वर ओढून नेसत. ज्यांना शेतात राबायचं नसे, त्या बायका घोट्यापर्यंत नेसत. कापड एकच, पण कामाप्रमाणे नेसण्याची तऱ्हा वेगळी.

लुगड्याचे तीन भाग ध्यानात ठेवा : दोन्ही कडांचे काठ, मधलं अंग आणि शेवटचा पदर. काठपदरावरून लुगडं कुठलं ते ओळखता येतं. इरकली लुगडं कर्नाटकातल्या इलकल गावचं. पैठणी गोदाकाठच्या पैठणची. आता ती येवल्यातही पुष्कळ विणली जाते.

पूर्वी कापड हातमागावर होई. 1854 साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचं ठरलं. पुढे गिरण्या वाढल्या आणि गिरणीचं लुगडं बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. 1943 साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. त्याच काळात शहरात सहावारी गोल साडी रुळत होती. ती 18 फूट, म्हणजे साडेपाच मीटर. कापड कमी लागतं हे खरं. पण तिला आत परकर लागतो, त्याचं कापड वेगळं. नऊवारीला परकर लागत नाही. हिशेब करताना हेही धरावं.

असा बदल सगळीकडे होतो. चीन देशात बायकांचा चिपाओ नावाचा पोशाख आहे. जुना झगा सैल होता. 1920 नंतर शांघाय शहरात तो अंगाबरोबर शिवू लागले. 1949 नंतर तो तिथे मागे पडला. आता लग्नाला, सणाला पुन्हा घालतात.

आपल्याकडेही आता साडी, गाऊन, पंजाबी ड्रेस आले. त्यात वाईट काही नाही. पण एक सांगतो. नायलॉन, पॉलिएस्टरचं कापड स्वस्त पडतं, लवकर वाळतं. मात्र चुलीपाशी ते पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, जखम खोल होते. सुती कापडही पेटतं, पण असं चिकटत नाही. म्हणून स्वयंपाकाला सुती नेसा आणि पदर खोवून घ्या.

दुसरी गोष्ट आमच्या मनाला लागलेली आहे. आम्ही मास्तर असताना एका पोराची आजी शाळेत आली. तिचं आखूड लुगडं पाहून पोरं हसली. तिचा नातूही मान खाली घालून बसला. आम्ही पोरांना गप्प केलं, पण हसण्यासारखं त्यात काही नाही, हे समजावून सांगितलं नाही. आजी पुन्हा शाळेत आली नाही. ते सांगायचं राहिलं, म्हणून आज लिहिलं.

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आपल्या मुली हौसेने तसंच लुगडं नेसतात. पण नीट नेसवायला म्हातारीलाच बोलवावं लागतं. तुम्हांला आता लिहिता येतं. घरातल्या आजीजवळ बसा. लुगडं किती वार लागतं, गाठ कुठे मारायची, कासोटा कसा घ्यायचा, हे तिला विचारा आणि वहीत उतरून ठेवा.