ट्रान्सफॉर्मर जळाला, पण जाळला कुणी?

शिमगा ते पाडवा हा माझ्या धंद्याचा हंगाम. तिसगावाजवळच मढी. कानिफनाथांची यात्रा भरली, गाढवांचा बाजार लागला, की पाथर्डी तालुक्यातले साऊंडवाले रात्रंदिवस जुंपलेले असतात आणि त्यांच्या बिघडलेल्या पेट्या माझ्या टेबलावर येतात. भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर असो की चर्चमधल्या पोरांचा गिटारचा अ‍ॅम्प, तक्रार एकच: "दादा, धूर निघाला." झाकण उघडलं की करपलेल्या वॉर्निशचा वास येतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो.

त्याचं काम सोपं आहे. लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. पहिलं प्रायमरी, त्याला 230 व्होल्ट. दुसरं सेकंडरी, त्यातून समजा 24 व्होल्ट. दोन्ही तारा एकमेकींना कुठंच चिकटलेल्या नसतात, वीज पोचते ती लोखंडातल्या चुंबकत्वातून. फॅरडेनं लंडनमध्ये लोखंडी कड्यावर अशी वेटोळी गुंडाळून पाहिली ती 1831 साली.

गिऱ्हाईक म्हणतं, "नवा टाका अन् चालू करा." मी टाकत नाही. ट्रान्सफॉर्मर आपणहून क्वचित मरतो, बहुतेक वेळा त्याला कुणीतरी मारलेलं असतं. पुढचा डायोड किंवा आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर नवाही काही मिनिटांत करपेल. म्हणून आधी सिरीज बोर्ड, म्हणजे पेटीच्या वाटेत 100 वॅटचा साधा पिवळा बल्ब. सेकंडरीच्या तारा सोडवून वीज द्यायची. बल्ब तरीही झगझगीत पेटला तर ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट आहे. विझलेला राहिला, सेकंडरीला व्होल्टेज बरोबर मिळालं, तर दोष पुढं आहे. आणि प्रायमरी नुसती तुटलेली दिसली तर घाई करू नये. पुष्कळ ट्रान्सफॉर्मरांत वरच्या कागदाखाली थर्मल फ्यूज दडवलेला असतो, कधी कधी गेलेला तेवढाच असतो.

मारेकरी आमच्याकडं ठरलेले. मांडवात तीन फेजच्या केबलचा न्यूट्रल निसटला की 230 च्या जागी साडेतीनशे व्होल्टही येतात. पुण्या-मुंबईच्या पोरांनी अमेरिकेहून आणलेला अ‍ॅम्प 120 व्होल्टचा असतो, तो थेट आपल्या सॉकेटात खुपसला की खेळ खल्लास. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे फ्यूजच्या जागी गुंडाळलेली जाड तार. फ्यूज उडायचा, त्याच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर उडतो.

तयार ट्रान्सफॉर्मर मिळत असेल तर खुशाल घ्यावा, पण सेकंडरीचं व्होल्टेज तेच हवं. अँपिअर जास्त चालतील, व्होल्ट नाहीत. 24 व्होल्ट एसीचे डायोड आणि कपॅसिटरनंतर 33-34 व्होल्ट डीसी होतात. 30 चा बसवलात तर 40 च्या वर जातात, आणि 35 व्होल्टचा कपॅसिटर फुगून फुटतो.

माझा कल रिवाइंडिंगकडं. स्टॅम्पिंग, म्हणजे ई आणि आय आकाराचे पत्रे, वॉर्निशनं घट्ट बसलेले असतात. पहिला पत्रा निघताना घाम काढतो. मग एकेक वेढा मोजत उलगडायचं आणि तार कुठल्या गेजची ते पाहायचं. मोजणी जमली नाही तर ढोबळ हिशेब आहे: मधल्या दांड्याची रुंदी गुणिले थप्पीची जाडी, सेंटिमीटरमध्ये, 45 ला त्यानं भागायचं. 10 चौरस सेंटिमीटर असेल तर व्होल्टमागं साडेचार वेढे, म्हणजे प्रायमरीला 1035. प्रायमरी-सेकंडरीच्या मधल्या इन्शुलेशनमध्ये काटकसर करणारा वाइंडर मला आवडत नाही, तिथं माणसाचा जीव असतो. शेवटी पत्रे उलटसुलट, एकही न वगळता ठोकून बसवायचे. सैल राहिले तर कीर्तनभर गुणगुणत बसतात.

व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पला मात्र घरी हात लावू नका. त्यात 300-400 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. जाणकारसुद्धा आधी ते रेझिस्टरमधून उतरवतो, मीटरनं खात्री करतो, मगच बोट घालतो.

एक विनंती. पेटी दुरुस्तीला आणताना जळालेला ट्रान्सफॉर्मर भंगारात देऊ नका. करपला असला तरी त्याचे वेढे बहुधा मोजता येतात आणि वरचा आकडा कधी कधी वाचता येतो. ट्रान्सफॉर्मरच नसेल तर मला अंदाजानं व्होल्टेज ठरवावं लागतं, आणि तुमचं बिल वाढतं.