पाहुणे परत निघाले. मुलांना दाखवून आणा!

पक्षी पाहणे हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद आहे, असा आपल्या लोकांत समज आहे. तो खरा नाही. मार्चच्या एका रविवारी आम्ही वस्तीतील मुलामुलींना घेऊन नवी मुंबईत नेरूळच्या खाडीकाठी गेलो. लोकलचे तिकीट, घरची चपाती-भाजी आणि मागून आणलेली एक दुर्बीण, एवढ्यात सगळा दिवस झाला.

जाताना भरतीची वेळ पाहून जावे. ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की काठच्या तलावांवर विसाव्याला येतात. तेव्हा ते जवळून दिसतात.

सर्वांना आधी दिसले ते फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातात. त्या अन्नातूनच त्यांना गुलाबी रंग येतो, हे ऐकून मुली हसल्या. पण आम्ही मुलांना दाखवला तो चिमणीएवढा टिलवा. त्याचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हिवाळा आपल्याकडे काढायचा आणि उन्हाळा लागताच घरटे करायला थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे निघायचे, हा त्याचा दरवर्षीचा क्रम. कुरव पक्षीही निघायच्या तयारीत होते. हिवाळ्यात पांढरे असलेले त्यांचे डोके आता तपकिरी झाले होते. ते लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर जाणार.

एवढ्या प्रवासाची शिदोरी कोणती? अंगावरची चरबी! मार्च-एप्रिलमध्ये हे पक्षी चिखलातले किडे खाऊन ती साठवतात. म्हणजे आपण ज्याला घाण चिखल म्हणतो, ते त्यांचे ताट आहे. त्यावर डेब्रिज टाकले, तर पाखराने उडायचे कशाच्या बळावर?

हा प्रश्न नुसता पाखरांचा नाही. काठची तिवरे भरतीचा जोर अडवतात. ती गेली की पाणी आधी कोणाच्या घरात शिरते, हे खाडीलगत राहणाऱ्यांना सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर तिवरांच्या तोडीला बंदी केली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये तो रामसर यादीतही आला. तरीही २०२४ मध्ये नेरूळच्या एका तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि तो कोरडा पडू लागला. नागरिकांनी पाठपुरावा केला, तेव्हा दखल घेतली गेली. नुसता कायदा पुरत नाही; त्यावर लक्ष ठेवणारी माणसे लागतात.

ती माणसे आपल्या मुलांतून का होऊ नयेत? थोर पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांचे आईवडील लहानपणीच गेले. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना एक सरकारी नोकरीही मिळाली नाही. पण निरीक्षण आणि नोंदवही त्यांनी सोडली नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले, ते आजही वाचले जाते.

तेव्हा पालकांनो, मे महिन्याआधी एक रविवार काढा. भडक कपडे नकोत, आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको. मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्या. तारीख, जागा आणि दिसलेला पक्षी, एवढे त्याने लिहिले तरी अभ्यासाला सुरुवात झाली.