पाण्यांतली चोरटी वीज

गेल्या वैशाखांत अकोल्यास धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. तिच्या दिवाणखान्यांत रंगीत माशांची कांचेची पेटी आहे. एके सकाळीं पेटींतला कचरा काढण्यासाठीं तिनें पाण्यांत हात घातला आणि “अगबाई!” म्हणून झटकन्‌ मागें घेतला. बोटाला विळीची बारीकशी जखम होती. तेथें मुंग्या चावल्यासारखें झालें. मासे मात्र खुशाल पोहत होते!

मेहुण्यांनीं मीटर लावून पाहिला, तों पाण्यांत ४० व्होल्ट. दुकानदारानें तोडगा सांगितला : एक तार पाण्यांत सोडून ती घरच्या अर्थिंगला जोडा, झालें! उपाय सोपा खरा. पण तो करण्यापूर्वीं थोडा विचार अवश्य आहे.

माशांना कांहींच कसें होत नाहीं? वीज बाधते ती शरीरांतून प्रवाह वाहिला म्हणजे. तारेवर बसलेल्या चिमणीप्रमाणें माशाभोंवतीं दाब सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो. आपण जमिनीवर उभे राहून हात बुडवितों, तेव्हां प्रवाहास आपल्यामधून वाट मिळते. म्हणून मासे जिवंत आहेत, एवढ्यावरून पाणी निर्धोक ठरत नाहीं.

हा दाब दोन प्रकारचा असतो. पंप किंवा हीटर धड असला, तरी त्याच्या सान्निध्यानें पाण्यांत कांहीं व्होल्ट उमटतात. मीटर ते दाखवितो, पण त्यांमागें प्रवाह नगण्य असतो. दुसरा प्रकार खऱ्या गळतीचा. वायरीचें वेष्टण तडकलें, कीं घरांतला २३० व्होल्टांचा दाब पाण्यापर्यंत पोहोंचूं शकतो. नुसत्या आंकड्यावरून हा भेद कळेलच असें नाहीं. यासाठीं सर्व प्लग काढावे, हात पाण्याबाहेर ठेवून एकेक उपकरण पुन्हां जोडावें आणि मीटर कोठें उसळतो तें पाहावें. बहिणीकडे उन्हाळ्यामुळें हीटर बंदच होता. दोषी निघाला तो पंप. त्याच्या वायरीला मुळाशींच चीर गेली होती. पंप बदलतांच आंकडा अगदीं खालीं आला.

आतां त्या तारेचें पाहूं. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यांत आक्रसते, भेगाळते. अर्थिंगच्या नळीभोंवतालची माती सुटते आणि ओल जाते. अशा वेळीं गळका पंप अर्थिंगला जोडला, तर वीज जमिनींत मुरत नाहीं. उलट त्याच तारेनें फ्रीज, कूलर, धुलाईयंत्र यांच्या पत्र्यापर्यंत पोहोंचते. पेटींतला धोका घरभर पसरतो! म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळाभर पाणी घालीत जावें, आणि त्याचा रोध जाणत्या वायरमनकडून वर्षांतून एकदां मोजून घ्यावा.

खरा रखवालदार म्हणजे ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. गेलेला आणि परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. तफावत पडली, कीं ०.३ सेकंदाच्या आंत वीज तोडते. तिचें चांचणीचें बटन महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. ही कळ बसविल्यावर मगच पाण्यांतल्या तारेस अर्थ आहे. तीही तांब्याची नको, कारण तांबें माशांस विषारी. शिवाय पेटीची वायर प्लगपूर्वीं खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळ प्लगांत न शिरतां खालींच गळेल.

हें सर्व केवळ माशांच्या हौसेपुरतें नाहीं. पेटींतला पंप आणि कूलरमधला पंप हीं सख्खीं भावंडें. विदर्भांत उन्हाळा आला, कीं कूलरचा धक्का लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. तेथें तर भोंवतीं पत्रा, खालीं ओली फरशी आणि जवळ खेळणारीं मुलें. तेव्हां पेटी असो वा कूलर, पाण्याला हात लावण्यापूर्वीं प्लग काढणें हा घरचा नेमच असावा. केवळ बटन बंद करून भागत नाहीं.

बहिणीच्या बोटाला जखम होती, म्हणून चोर सांपडला. प्रत्येक घरीं तो इतक्या स्वस्तांत सांपडेलच असें नाहीं.