लिथियम बॅटरी आणि घरातील आग

विज्ञानाने सामान्य माणसाच्या हाती जी साधने दिली, त्यांत लिथियम-आयन बॅटरीचा क्रमांक बराच वरचा लागेल. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना विभागून मिळाले. आज वसमतसारख्या तालुक्याच्या गावीही मोबाइल घरोघरी आहे आणि इलेक्ट्रिक स्कूटर गल्लीबोळांतून धावते आहे. वस्तू घरात आली. तिचा स्वभाव मात्र आपण फारसा जाणून घेतला नाही.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी पहाटे वसई येथे एका घरात स्कूटरची बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपला होता. बॅटरीचा स्फोट झाला, मुलगा गंभीर भाजला आणि आठवडाभराने दगावला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला सिकंदराबादला एका हॉटेलच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात आग लागली. धूर जिन्यातून वर चढला व आठ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे ज्या जिन्याने खाली उतरायचे, तोच धुराने भरला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

ही बॅटरी पेटते तरी कशी? स्कूटरच्या पेटीत एकच मोठी बॅटरी नसून अनेक लहान सेल एकमेकांना जोडलेले असतात. यांपैकी एक प्रचलित सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलहून थोडा मोठा असतो. त्याच्या आत धन व ऋण अशा दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. भोवताली जो द्रव असतो तो ज्वालाग्राही असतो. सेल चेपला, त्याला भोक पडले, तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा कारखान्यातच त्यात दोष राहिला, तर आत उष्णता वाढू लागते. सुमारे १३० अंशांना पडदा वितळतो, दोन्ही पट्ट्या भिडतात आणि मग उष्णतेतून अधिक उष्णता निर्माण होत जाते. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो, अगदी फटाक्यांच्या लडीप्रमाणे. स्कूटरच्या बॅटरीत साधारणपणे दोन ते चार युनिट वीज साठवलेली असते, ती अशी काही मिनिटांत बाहेर पडते.

म्हणूनच ही आग नेहमीच्या युक्तीने आटोपत नाही. वर गोधडी किंवा माती टाकली तर ज्वाळा दिसेनाशा होतात, पण आतली उष्णता तशीच राहते. येथे हवा तोडण्यापेक्षा थंड करणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी भरपूर पाणी हाच उत्तम उपाय. अर्थात आधी मेन स्विच बंद करावा. मोबाइल पेटला तर बादलीभर पाणी ओतता येईल. स्कूटरची बॅटरी फुसफुसू लागली, पांढरा धूर सोडू लागली, तर मात्र वस्तूंचा मोह न धरता सर्वांना बाहेर काढावे व १०१ क्रमांकावर कळवावे. तो धूर विषारी असतो.

बॅटरी झोपण्याच्या खोलीत लावू नका, असे जाणकार सांगतात. सल्ला योग्यच आहे. पण ज्याचे घरच एका खोलीचे, त्याने काय करावे? दिवसा लाइटीचा भरवसा नाही, म्हणून रात्री चार्जिंग लावून निजण्याची आपल्याकडे सवय पडली आहे. अशा घरात ओसरी किंवा सावलीचे अंगण बरे. तेही नसेल, तर सर्वजण जागे असताना उघड्या शहाबादी फरशीवर, अंथरुणापासून लांब बॅटरी ठेवावी. दाराजवळ मात्र ती ठेवूच नये. आपण आणि दार यांच्यामध्ये बॅटरी येता कामा नये, एवढा एक नियम पाळला तरी जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला न लावता निवू द्यावी. चार्जर तिचाच वापरावा. दुसऱ्याची पिन बसली म्हणजे व्होल्टेजही जुळले असे नव्हे. फुगलेली मोबाइल बॅटरी दाबून बसवणारे कारागीर आहेत. त्यांच्यापुढे हात जोडावेत आणि बॅटरी बदलून घ्यावी. २०२२ च्या दुर्घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, तेव्हा जुनी गाडी विकत घेताना ती कोणत्या सालची आहे हे विचारणे शहाणपणाचे.

एकदा विझलेली बॅटरी पुन्हा घरात आणू नये. काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही, ती पुन्हा पेट घेते. म्हणून ती घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर, मोकळ्या जागेत ठेवावी आणि मुलांना तिच्याजवळ फिरकू देऊ नये.