अपघात झाला, पुढे दावा कुठे करायचा?

१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि पंचवीस जण गेले. नागपूरहून पुण्याला निघालेली माणसं होती ती. अशा घरांपुढे पहिला प्रश्न हाच येतो: दाव्यासाठी बुलढाण्याला खेटे घालायचे का?

गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अपघात घडला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. म्हणजे मेहकरचा माणूस पुण्यात जखमी झाला, तरी अर्ज आपल्याच जिल्ह्यात करता येतो. हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मुदत मात्र सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम आहे, त्यामुळे तेराव्यानंतर बघू म्हणत महिने घालवू नका. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, मजुरीचा किंवा पगाराचा पुरावा, सगळं एका फाईलमध्ये ठेवा. हात-पाय कायमचा अधू झाला असेल तर अपंगत्वाचा दाखला हवाच. भरपाईचा आकडा बराचसा त्यावरच ठरतो.

चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात.

आणि धडक देऊन गाडी पळालीच तर? मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर जखमेसाठी पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करा.