प्रियोळकरांची दोन कपाटं

साताऱ्याकडच्या औंधात वाढलेल्या माणसाला पाठभेदांचं वेड लागलं तर दोष त्याचा नाही. पं. सातवळेकरांनी 1918 ते 1948 या काळात वेदसंहितांचं काम या गावात बसून केलं. त्यांची प्रुफं वाचलेली म्हातारी माणसं आम्हाला लहानपणी भेटली. एका स्वरचिन्हावरून वाद निघाला की त्यांची ताटं निवायची. पुढे जुन्या पोथ्यांचे संपादक अनंत काकबा प्रियोळकर वाचायला घेतले, तेव्हा त्याच पंगतीला बसल्यासारखं वाटलं. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती मराठीवर झालेल्या अभ्यासाचा आढावा संपादकांनी मागितला आहे. मी तो प्रियोळकरांभोवती फिरवणार, हे आधीच कबूल करतो.

व्याकरणं आणि प्रश्नोत्तरं भरभर उरकू. 1622ची कोंकणी धर्मप्रश्नोत्तरी ‘दौत्रिना’ मारियानो सालदान्यांनी 1945 साली लिस्बनला पुन्हा छापून आणली. पुण्यकर्म मोठं, पण वाचताना मला डुलकी येते.

खरा ऐवज ‘ख्रिस्तपुराण’. त्याचा कर्ता थॉमस स्टीफन्स 1549च्या सुमाराचा, विल्टशायरचा. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं जिवावरचं झालं, तेव्हा तो रोम गाठून जेझुइट झाला आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला. युरोपातल्या धर्मभांडणाने हाकललेला माणूस गोव्यातल्या साष्टीत येऊन ओव्या रचू लागला. सुमारे अकरा हजार ओव्या! स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या. 1616 साली रायतूरला हे पुराण छापलं गेलं ते रोमी लिपीत: ‘श’ला एक्स, ‘ट’साठी जोडटी. स्टीफन्सला स्थानिक लिपीतच छापायचं होतं. 1608च्या पत्रात तो रोमला कळवतो, की इथे अक्षरांचे जवळजवळ 600 साचे लागतात. आमच्या सातवळेकरांच्या कंपोझिटरला हे दुखणं सांगायची गरज पडली नसती.

1649 आणि 1654 साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मात्र तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कुठे असल्याचं ठाऊक नाही. उरल्या त्या हस्तलिखित पोथ्या. त्यांवरून जे. एल. सालदान्यांनी 1907 साली मंगळूरला रोमी आवृत्ती काढली. मग लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी पोथी जस्टिन अ‍ॅबट यांच्या नजरेस पडली आणि तीच मूळ, असं त्यांनी जाहीर केलं. मला ते कधीच पटलं नाही. त्या पोथीत पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत बसवलेले दिसतात, आणि सोवळं नेसवण्याचं हे काम सहसा मागून येणारा करतो. बांदेलूंनी 1956 साली पुण्यातून देवनागरी आवृत्ती दिली. पुढे द्रागो, फाल्कांव यांनी आपापली भर घातली.

आता प्रियोळकर. रघुनाथ पंडिताचं दमयंती-स्वयंवर आणि मुक्तेश्वराचं आदिपर्व ज्या हाताने पाठभेद लावून छापलं, त्याच हाताने त्यांनी 1655ची, संत अँथनीवरची ‘सांतु आंतोनिची जीवित्वकथा’ संपादली. आणि त्याच हाताने 1961 साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, पुस्तक लिहिलं. इन्क्विझिशनचं गोव्यातलं दप्तर उरलं नव्हतं. त्यांनी फ्रेंच डॉक्टर देलाँची कैदेतली हकीकत घेतली, बुकॅननचं प्रवासवर्णन घेतलं, हुकूमनामे घेतले. त्यातला 1736चा हुकूमनामा मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. ख्रिस्ती लग्नात हळद लावायची नाही, ओव्या गायच्या नाहीत! स्टीफन्सने ज्या ओवीत येशूची कथा सांगितली, तीच सव्वाशे वर्षांनी अपराधी ठरली.

ही दोन टोकं प्रियोळकरांच्या एकाच टेबलावर होती. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी मात्र दोन कपाटं केली. एक मंडळी इन्क्विझिशनचं पुस्तक व्यासपीठावरून फडकावतात. सांतु आंतोनि त्यांनी उघडलेलाही नसतो. दुसरी मंडळी मराठी दिनाला स्टीफन्सच्या मराठीस्तुतीच्या त्याच चार ओव्या म्हणतात आणि छळाचा विषय निघाला की चहा मागवतात. ‘कोंकणी ही मराठीची बोली’ हा प्रियोळकरांचा हट्ट मलाही मान्य नाही. त्यापायी गोव्यात त्यांचं नाव काढलं की अजून कपाळाला आठ्या पडतात. म्हणून त्यांनी लावलेला पाठ खोटा होत नाही.

तीसेक वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी या विषयावर बोलायला गेलो होतो. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी ख्रिस्तपुराण हे ‘बायबलचं भाषांतर’ आहे असं ठोकून दिलं. पुराण ग्रंथालयात होतं. पानं कापलेली नव्हती. आता तर मोडी, रोमी आणि पोर्तुगीज तिन्ही वाचणारा विद्यार्थी दाखवा, मी औंधहून एसटीने त्याला भेटायला येतो.

वाचकांना एकच विनंती. वसई, गोवा, सावंतवाडी, मंगळूर, कुठेही घराच्या माळ्यावर रोमी अक्षरातली जुनी ओवीबद्ध वही असेल, तर ती रद्दीत घालू नका आणि प्लास्टिकमध्येही गुंडाळू नका. सुती कापडात बांधा, पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो काढा आणि जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला दाखवा. 1616ची प्रत अजून सापडायची आहे.